दोन ब्रेकची गाडी

"बिट्टीला गाडी मी शिकवणार," अप्पा म्हणाले. हातातला कप बशीत ठेवताना तो जरा कलंडला आणि शर्टाच्या बाहीवर चहा सांडला, तरी त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "तिच्या आईने त्यात पडायचं नाही. या घरात ती आता कुणाला शिकवणार नाही आणि स्टिअरिंगला हातही लावणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवलंय."

जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले होते. कालच हातात पडलेला शिकाऊ परवाना पुन्हा पुन्हा उलटसुलट बघणारी बिट्टी, वर्तमानपत्रात तोंड लपवलेला तिचा बाबा, खुर्चीच्या पाठीला काठी टेकवून बसलेल्या सासूबाई... आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली सून. तिच्या हातातलं फडकं क्षणभर थांबलं, मग पुसून झालेल्या जागेवरच पुन्हा फिरू लागलं. कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान नवरा तरी म्हणेल की अप्पा, आता पुरे झालं, असं तिला अजून वाटायचं. नवऱ्याने फक्त पान उलटलं.

"आजोबा, आजपासूनच?" बिट्टीने विचारलं.

"आजपासूनच. बूट घाल. चपला घालून माझ्या गाडीत कुणी बसत नाही."

दोघं बाहेर पडली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो वळणापाशी विरेपर्यंत सून खिडकीशी उभी राहिली. आपण कशाला घाबरतोय हे तिला नेमकं ठाऊक होतं. पण ते तोंडाने बोलायचं कसं, कुणापाशी, आणि इतक्या महिन्यांनंतर कुठल्या हक्काने, याचा तिला काही केल्या उलगडा होत नव्हता.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला साधी सायकलही धड येत नव्हती. वडील लहानपणीच गेलेले, मामाच्या घरी वाढलेली, रस्ता ओलांडतानासुद्धा दुसऱ्याचा हात धरणारी मुलगी. अप्पांची शहरातली जुनी ड्रायव्हिंग स्कूल होती. मुख्य रस्त्यावर काचेच्या दाराचं छोटंसं ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर बसवलेलं एक स्टिअरिंग, आणि बाहेर उभी ती शिकवणीची गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच शिकवणाऱ्याच्या पायाशीही त्या गाडीला एक ब्रेक होता. एका सकाळी अप्पांनी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "चालव. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. तू काहीही कर, मी तुला कशावरही आपटू देणार नाही." वडिलांच्या तोंडून ऐकायचं राहून गेलेलं काहीतरी त्या दिवशी तिला ऐकायला मिळालं. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तिने आरसा नीट करायचं निमित्त केलं होतं.

पुढे ती स्वतःच शिकवू लागली. सकाळी कॉलेजची मुलं यायची. मोबाइल मागच्या सीटवर ठेवल्याशिवाय ती त्यांना चावीला हात लावू देत नसे. दुपारचा ज्येष्ठांचा वर्ग ही तिचीच कल्पना. मान पूर्ण वळते का, संध्याकाळच्या उजेडात समोरचं नीट दिसतं का, कुठल्या गोळीने झापड येते, नव्या रस्त्यावर कुणी कुणाला आधी जाऊ द्यायचं... आणि सगळ्यात अवघड म्हणजे, थांबायची वेळ आली हे ओळखायचं कसं. अप्पा आधी हसले होते. "म्हाताऱ्यांना शिकवणार म्हणजे त्यांच्या शिव्या खाणार," म्हणाले होते. मग वर्ग भरू लागला तेव्हा येईल त्याला, "ही माझ्या सुनेची करामत बरं का," असं सांगत सुटले होते.

आणि मग ती दुपार आली.

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणायचं होतं. घरची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून शिकवणीची गाडी काढली. अप्पा चालवत होते, ती शेजारी, सासूबाई मागे डोळे मिटून टेकलेल्या. बागेजवळच्या वळणावर दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. अप्पांनी तिला पाहिलं. "बघ, कशी चालते," असं म्हणालेसुद्धा. आणि त्याच क्षणी थांबायची ती गाडी एकदम पुढे उसळली. सुनेने पायाशी असलेला ब्रेक सगळी ताकद लावून दाबला, पण इंजीन गुरगुरत गाडीला पुढेच ओढत होतं. मग तिने हात टाकून स्टिअरिंग आपल्याकडे खेचलं. बाई बाजूला राहिली... आणि गाडी बागेच्या भिंतीवर जाऊन धडकली.

मागून सासूबाईंची किंकाळी आली. अप्पा स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक, कधीच न ऐकलेल्या आवाजात विचारलं, "कोण चालवत होतं?"

ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली तो माणूस, घराचा रस्ता चुकलेल्या लेकरासारखा, तिच्याकडे बघत होता. विचार करायला वेळ कुठे होता? "मी, अप्पा," ती म्हणाली. "मी चालवत होते."

लोक धावून आले तेव्हा तिने अप्पांना उतरवून कडेला बसवलं होतं आणि ती स्वतः ड्रायव्हरच्या दाराशी उभी होती. पोलीस आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. शिकवणाऱ्या बाईनेच अशी चूक करावी म्हणून त्याने चार शब्द सुनावले, तेही तिने खाली मान घालून ऐकून घेतले. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलं होतं.

अप्पांना थोड्या वेळाने आठवेल, ते स्वतःच सांगतील, अशी तिची समजूत होती. पण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचे ओठ रागाने थरथरत होते. "इतकी वर्षं तुला शिकवलं, आणि ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर दाबलास?"

ती बघतच राहिली. ते नाटक करत नव्हते. पायाची चूक त्यांना अगदी बरोबर आठवत होती. फक्त तो पाय कुणाचा, तेवढंच कुठेतरी पुसलं गेलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सासूबाईंचं ऑपरेशन तोंडावर होतं, नवरा भिंतीला टेकून रडत होता, आणि अप्पांचा तो बारीक आवाज तिच्या कानातून जात नव्हता. उद्या सांगू म्हणता म्हणता दिवस गेले. अप्पांनी तिचं शिकवणं बंद केलं. ऑफिसात बसून मुलांना तक्त्यावरच्या खुणा समजावण्यापुरतीच ती उरली. नवरा कामापुरतं बोलू लागला. आजीला काठी घेऊन चालताना पाहिलं की बिट्टी आईकडे न बघता खोलीत निघून जाई. आणि हळूहळू, सगळ्यात विलक्षण गोष्ट ही झाली की तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. शेवटी स्टिअरिंग कुणाच्या हाताने वळलं? आपल्याच ना? आपण ते ओढलं नसतं तर आईंचा पाय शाबूत राहिला असता... आणि ती बाई? ब्रेक आपल्याही पायाशी होता. मग चालवत नेमकं कोण होतं? रात्रंदिवस हाच गुंता ती सोडवत बसे, आणि सोडवायला गेलं की तो आणखीच आवळे.

बिट्टीची शिकवणी सुरू झाली त्याच आठवड्यात, ज्येष्ठांच्या वर्गाची चौकशी करायला एक बाई ऑफिसात आली. औषधांचं दुकान चालवणारी. सोबत तिचे वडील, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले.

"मॅडम, मला गाडी उत्तम येते," म्हातारबुवांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "हिलाच माझ्या शेजारी बसायला येत नाही. सारखी दाराचं हँडल धरते. हँडल उपटून हातात आलं परवा."

सुनेला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. म्हातारबुवा भिंतीवरचे तक्ते बघायला गेले तशी मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "परवा ते एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने शिरले हो. मी काही बोलले नाही. बोलले तर ते परत माझ्याशी बोलणार नाहीत. कसं सांगायचं असतं?"

याचं उत्तर तिने आजवर किती जणांना दिलं होतं. घरी सांगा, गाडीत नको. चारचौघांत नको. आधी डॉक्टरांकडे न्या. मान राखा, पण लपवू नका, कारण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला तुमच्या घरातल्या प्रेमाशी काही देणंघेणं नसतं. सगळं तोंडपाठ होतं. पण आज ते ओठांवर येऊन अडकलं.

"सांगा," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"तुमच्या घरी आहे का कुणी असं म्हातारं माणूस?"

"नाही," ती म्हणाली, आणि समोरच्या कागदांची चळत उगीचच सारखी करत बसली.

पहिले काही दिवस बिट्टी शिकवणीहून उड्या मारत येई. आजोबांनी असं सांगितलं, आजोबांनी तसं दाखवलं. मग तिचं बोलणं कमी झालं. "आज हिरव्या दिव्याला आजोबा म्हणाले थांब," एकदा ती जेवता जेवता म्हणाली, आणि कुणी काही विचारायच्या आत, "गंमत करत होते ते," असं म्हणून तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. सुनेच्या हातातला घास हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. "मी जरा तिच्यासोबत मागे बसून जाईन," ती म्हणाली. अप्पांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेपुढे ती विषय सोडून भाजी वाढू लागली... असा भित्रेपणा आपल्यात कधीपासून आला, हेही तिला कळेना.

आणि मग एका संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली ती एका बाजूने पुढून मागपर्यंत खरवडलेली. आरसा तारेला लोंबकळत होता. अप्पा उतरले आणि काही झालंच नाही असे सरळ घरात गेले. "चहा टाका कुणीतरी," म्हणाले. "आणि पोरीला काही बोलू नका. शिकताना होतं असं."

बिट्टी अंगणात उभी होती. पाठ ताठ, हात घट्ट मिटलेले, नजर जमिनीवर.

"मी घासली," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती जागीच थांबली. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. बागेच्या भिंतीशी, गर्दीच्या मध्ये, ती स्वतः अशीच उभी होती. अशीच पाठ, अशीच नजर.

तिने लेकीला हाताला धरून खोलीत नेलं आणि दार लावलं. "बिट्टी, तू कुठल्या सीटवर होतीस?"

"सांगितलं ना मी..."

"कुठल्या सीटवर होतीस, बाळा?"

बिट्टीचा बांध फुटला. "ते म्हणाले, तू सरक, वळायचं कसं ते मी दाखवतो. ती भिंत त्यांना दिसलीच नाही, आई. त्याआधी एक दुचाकीवाला इतक्या जवळून गेला की मी डोळेच मिटले. मग त्यांनी थांबवली गाडी आणि मला विचारलं, काय केलंस हे पोरी? मला काही सुचेना. ते खोटं बोलत नव्हते, आई. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग मी काय बोलणार? मी म्हटलं, चुकले, आजोबा."

आईने तिला जवळ ओढलं. लेकीच्या हुंदक्यांनी तिचा खांदा भिजत होता आणि तिच्या मनात मात्र, किती महिन्यांनी, एक गोष्ट लख्ख होत होती. आपण समजत होतो की हा भार आपण एकटीने उचलला, त्यात कुणाचं काही गेलं नाही, गेलं ते आपलंच. पण तसं नव्हतं. आपल्या त्या एका शब्दामुळे अप्पांच्या हातात स्टिअरिंग राहिलं होतं, आणि त्यांच्या शेजारी आपण आपलं लेकरू बसवलं होतं.

ती तशीच दिवाणखान्यात गेली. नवरा होता, सासूबाई होत्या.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "आजची गाडी बिट्टीने घासली नाही. आणि त्या दिवशी... त्या दिवशी मी चालवत नव्हते. अप्पा चालवत होते."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, जमीन दुभंगावी. "इतके महिने गप्प राहिलीस," तो सावकाश म्हणाला, "आणि आज ते थकलेत, विसरतात, तर सगळं त्यांच्यावर ढकलायचं?"

"ढकलत नाहीये हो. मी तेव्हा खोटं बोलले. त्यांच्यासाठी बोलले."

"आई, तू होतीस गाडीत. तू सांग."

सासूबाईंनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "माझा डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. "किती वेळा तेच विचारशील?"

सुनेला वाटलं, संपलं. आता या घरात आपलं कुणीच उरलं नाही. आणि तेवढ्यात तिला दारात उभे असलेले अप्पा दिसले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते संतापतील म्हणून तिने अंग चोरलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखे ते कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"मी होतो, असं म्हणते का ही?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलाने मान डोलावली.

"मग माझी परीक्षा घे," ते सुनेला म्हणाले. "उद्या सकाळी, मैदानावर. त्या म्हाताऱ्यांची घ्यायचीस तशी. एक गुणही उगीच द्यायचा नाही."

शिकवणीचं मैदान गावाबाहेर होतं. जमिनीवर पांढरे पट्टे, वळणांवर रबरी शंकू, आणि टोकाला सरावासाठी उभारलेला एक सिग्नल. बिट्टी आणि तिचा बाबा कडेला थांबले. अप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, सून शेजारी.

आणि अप्पांनी गाडी अशी चालवली की बघत राहावं. आरसे लावले, पट्टा बांधला, शंकूंमधून गाडी अशी काढली की एकालाही धक्का लागला नाही. मागे घेऊन दोन पट्ट्यांच्या मध्ये एका दमात उभी केली. सुनेने कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तोंड फिरवलं. मग आपणच चुकतोय का? बिट्टी घाबरून काहीतरी बोलली असेल का? त्या दुपारी आपण खरंच कुठे बसलो होतो? शपथ घालून कुणी विचारलं असतं, तर त्या घडीला तिला सांगता आलं नसतं.

पण हात कामाला सरावलेले असतात. प्रत्येक ज्येष्ठाची घेई ती शेवटची चाचणी तिने घेतली. गाडी चालू असताना गप्पा मारायच्या आणि मध्येच अचानक थांबायला सांगायचं.

"अप्पा, ऑफिसची पहिली पाटी कुणी रंगवली होती हो?"

"पाटी? ती माझ्या एका मित्राने. 'ड्रायव्हिंग'मधलं एक अक्षर चुकवलं होतं त्याने, मी आठ दिवस तशीच..."

"थांबा," ती म्हणाली आणि डॅशबोर्डवर थाप मारली.

गाडी पुढे उसळली. तीच उसळी, तसंच ते इंजिनाचं गुरगुरणं. तिने आपला ब्रेक दाबून धरला, चावी फिरवली, आणि दोघांना पुढे फेकून गाडी बंद पडली.

अप्पा खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होते. बूट अजून अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच रुतलेला होता. त्यांनी तो हाताने धरून उचलला आणि बाजूला ठेवला.

"ती बाई," मग ते म्हणाले. "पिशव्या घेतलेली. वाचली ना ती?"

"वाचली, अप्पा. तिला काही झालं नाही."

"तू स्टिअरिंग ओढलंस."

"हो."

"मी होतो का तिथे? या सीटवर?"

ते तिच्याकडे बघत होते, आणि आवाज तोच होता... त्या दुपारचा, बारीक, वाट चुकलेला. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तो शब्द तिच्या जिभेवर तयारच होता. पण समोर मैदानाच्या कडेला तिची मुलगी उभी होती.

"हो, अप्पा," ती म्हणाली. "तुम्हीच होतात."

अप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, कोण चालवत होतं. तुमचा तो आवाज मला सोसवला नाही."

"मी तुला असं शिकवलं नव्हतं. शिकणारा चुकला की तिथल्या तिथे सांगायचं, हे शिकवलं होतं." ते थांबले. "माझी दया आली तुला, आणि बिट्टीला माझ्या शेजारी बसवलंस."

याहून कठोर शब्द तिला आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि याहून खरेही. ती ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. "चुकलं माझं, अप्पा."

"तुझं एक चुकलं," अप्पा म्हणाले. त्यांचा खरखरीत हात तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. "माझं काय काय चुकलं ते मला आठवतसुद्धा नाही. तुला मी घरातल्या घरात परकं केलं, पोरी. मलाच कळत नव्हतं, मी कुणावर रागावलोय."

ते स्वतःहून उतरले आणि गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. तिचा नवरा धावत आला होता. तो काचेपाशी वाकला. तो म्हणाला, "मी तुला एकदा तरी विचारायला हवं होतं." आणि मग, अप्पांकडे न बघता, "डॉक्टरांना दाखवू. मीच नेतो."

घरी परतताना गाडी सुनेने चालवली. कितीतरी महिन्यांनी. पहिलं वळण तिने गाडी जवळजवळ थांबवूनच घेतलं.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. अप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तो मीच होतो."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी जागी होते. सगळं पाहिलं मी." मग सुनेकडे वळून, अडखळत, "यांच्या हातातून गाडी गेली तर यांचं काय उरणार, असं वाटलं गं. तू तरुण आहेस, सोसशील, असं वाटलं. काल तू सांगत होतीस तेव्हासुद्धा माझी जीभ रेटली नाही. मला क्षमा कर."

सून उभी राहिली. या क्षणाची आपण इतके महिने वाट पाहिली, आणि आता तो आला तर मनात नेमकं काय चाललंय हेच तिला उमजेना. राग होता, खरा आणि जळजळीत. त्या काठीकडे पाहून कणवही येत होती. आणि हेही कळत होतं की आपण जे केलं तेच यांनी केलं, फक्त आपण स्वतःचा बळी दिला आणि यांनी आपला.

"आज मला काही बोलता येणार नाही, आई," ती म्हणाली. "थोडे दिवस द्या मला." आणि त्यांना उठायला हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात असताना बुटांचा आवाज आला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून टेबलाशी येऊन उभे होते. "बिट्टी, चल," ते म्हणाले. "आज पुलावर जाऊ. आणि सूनबाई, तू मध्ये पडायचं नाहीस. तुझ्यामुळे तुझ्या सासूचा पाय मोडला, ते मी विसरलेलो नाही."

बिट्टीने आईकडे पाहिलं. नवरा खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थबकला. सून मटकन बसली. काल मैदानावर झालं ते सगळं कुठे गेलं? आता पुन्हा सांगायचं? पुन्हा तो चेहरा बघायचा, पुन्हा तो आवाज ऐकायचा, आणि उद्या परत? ती टेबलाला धरून उठू लागली.

काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. सासूबाई उठल्या होत्या. एकेक पाऊल टाकत त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि सुनेच्या खांद्यावर क्षणभर हात टेकला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "आज मी सांगते."

त्या अप्पांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि सुरुवातीपासून सांगू लागल्या. डॉक्टरांकडून निघाल्यापासून. बागेजवळचं वळण, समोरून येणारी बाई, मागच्या सीटवर टक्क जाग्या असलेल्या त्या स्वतः. आवाज कापत होता, पण त्या थांबल्या नाहीत. अप्पा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. मध्येच त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग बिट्टीकडे, मग पुन्हा बायकोकडे. त्यांच्या डोळ्यांतलं ते गोंधळलेपण गेलं नाही. पण हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

"आणि ती बाई?" त्यांनी विचारलं.

"वाचली, अप्पा," सून म्हणाली. "तिला काही झालं नाही."

"मग ठीक आहे," अप्पा म्हणाले, आणि बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले.